ताईच्या डोक्यातली मापं

शिंप्याच्या दुकानात मापांची वही नाही म्हटल्यावर कुणालाही वाटेल, की शिंपी एक तर नवखा असणार, नाही तर आळशी. मास्तर दोन्ही नव्हते. कोट शिवण्यात त्यांचा हात धरेल असं त्या बाजारात कुणी नव्हतं, आणि कामाचा कंटाळा काय असतो हे त्यांना कळायला सवडच झाली नव्हती. वही नव्हती, कारण तिची कधी गरज पडली नव्हती. दुकानात ताई होती.

पद्धत अशी होती. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहायचं, मास्तर टेप लावून मोठ्यानं आकडा सांगायचे, आणि पडद्यामागे स्टुलावर बसून काजं करणारी ताई मान वर न करता 'हं' म्हणायची. छाती, हं. कंबर, हं. बाही, हं. नव्या माणसाला वाटायचं, आत कुणी तरी भराभरा लिहून घेतंय. आत ताईच्या हातात सुई असायची आणि तोंडात दोऱ्याचं टोक. पुढे कधी तरी कापड कापायला घेतलं, की मास्तर कात्री हातात धरून विचारायचे, "ताई, ते दातांचे डॉक्टर?" आणि पडद्यामागून आकडे घडाघडा यायचे. वर शेराही यायचा. "पोट सुटलंय म्हणून लाजतात बिचारे. कंबर मोकळी ठेव, पण बोलून दाखवू नकोस."

ताई मास्तरांपेक्षा बरीच मोठी. आई लवकर गेली होती. वडील कोटच शिवायचे. मास्तरांना मिसरूड फुटायच्या सुमारास तेही गेले. तेव्हा ताईनं सुई हातात घेतली ती घेतलीच. लग्नाचं म्हणाल, तर ताई म्हणायची, आधी धाकट्याचं मार्गी लागू दे; आणि मास्तर म्हणायचे, आधी ताईचं होऊ दे. या 'आधी तू, आधी तू'मध्ये दोघांचीही गाडी सुटली. दोघांनीही त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. दुकानाच्या मागेच राहायची खोली होती, स्वयंपाकाचा कट्टा होता, दोन खाटा होत्या, आणि भांडायला एकमेकं होती. अनेक संसारांत याच्यापेक्षा कमी असतं.

सगळा बाजार त्यांना मास्तर म्हणायचा. धाकट्या म्हणायची ती एकटी ताई. केस पांढरे झाले, दाढा गेल्या, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी पडद्यामागून हाक यायची, "धाकट्या, चहाचं पाणी होतंय." चांगला पोट सुटलेला, चष्मा नाकावर घसरलेला हा धाकट्या मुकाट्यानं उठायचा. आपल्याला या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस उरलंय, हा विचार मास्तरांच्या मनात कधी आला नव्हता. येईल कशाला? हाक रोजच येत होती.

सुरुवात काजांपासून झाली.

पुरुषाच्या कोटाची काजं डाव्या बाजूच्या पुढ्यावर असतात. हे ताईला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण एका सकाळी मास्तरांनी तयार कोट उचलला, तर काजं उजवीकडे. सगळी सुबक, एकसारखी, टाका न् टाका मोजून घातल्यासारखा, आणि सगळी चुकीच्या बाजूला. शिवण चुकली तर उसवता येते. काज उसवता येत नाही; तिथे कापड कापलेलं असतं. मास्तर त्या कोटाकडे बघत राहिले. मग उरलेल्या कापडातून त्यांनी नवा पुढा कापला, आणि ताईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "कापडातच दोष होता."

"घेताना बघून घेत जा रे," ताई म्हणाली.

"हो ताई."

त्यानंतर कोर्टातले कारकून कोटाला कापड टाकून गेले. मास्तरांनी कात्री हातात घेतली आणि नेहमीसारखं विचारलं, "ताई, कोर्टातले कारकून?"

"हं," ताई म्हणाली.

मास्तर थांबले. त्यांना वाटलं, ती दोरा ओवत असेल. "त्यांचं माप, ताई. छाती?"

"हं."

पुन्हा विचारलं, पुन्हा 'हं'. ते ऐकल्याचं 'हं' होतं. ती आकडा साठवायला तयार बसली होती. काढून द्यायला तिच्याकडे काही नव्हतं. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि कारकुनांना निरोप धाडला, की टेप नवी आणली आहे, जुन्या टेपेत फरक होता, जरा येऊन जा.

पुढे कुणाकुणाला त्यांनी काय काय सांगितलं ते विचारू नका. टेप बदलली, कापड आटतं, आजकाल फॅशन वेगळी आहे, तुमची तब्येत सुधारली आहे. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला, की फार बोलतो. लोक येऊन पुन्हा माप देऊन जायचे. मापांची मास्तरांना तेवढी काळजी नव्हती. मापं पुन्हा घेता येतात. त्यांना भीती होती ती एकाच गोष्टीची. आकडे चालले, गिऱ्हाइकं चालली, तर त्यांच्या मागोमाग एक दिवस धाकट्यासुद्धा जाईल. ताई समोर बसलेली असेल आणि तिच्या डोक्यात आपण नसू. या विचारानं त्यांचा हात शिवणयंत्रावर थांबायचा.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते, आणि बोलायला गोड होते. त्यांनी ताईला घड्याळ काढायला सांगितलं, आज वार कोणता ते विचारलं, तीन वस्तूंची नावं सांगून जरा वेळानं परत विचारली. ताईनं वार चुकवला आणि वस्तूंपैकी एकही सांगितली नाही. पण डॉक्टरांच्या कोटाची कॉलर मानेवर नीट बसत नाही, हे मात्र न विचारता सांगितलं. डॉक्टर हसले. मग मास्तरांना बाजूला घेऊन त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, आणि या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका असंही सांगितलं.

"खायला काय द्यायचं? फळं वगैरे?" मास्तरांनी विचारलं.

"फळं द्या की. गडद रंगाची द्या, काळी द्राक्षं, डाळिंब, तुती. मेंदूला त्यांचा थोडा फायदा होत असावा असं काही अभ्यासांत दिसलंय, पण ठाम कुणी सांगू शकत नाही. चांगलं खाणं चांगलंच. पण मास्तर, गेलेलं परत आणून देणारं फळ माझ्या माहितीत नाही."

डॉक्टरांनी पाच-सहा वाक्यं सांगितली. मास्तरांनी घरी येताना त्यातली पहिली दोन तेवढी बरोबर आणली.

कोपऱ्यावरच्या फळवालीनं उरलेलं काम केलं. तिच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक फळ होतं. गुडघ्याला हे, पित्ताला ते, सुनेवर राग येत असेल तर संत्रं. स्मरणशक्तीचं नाव काढल्याबरोबर ती स्टुलावरून उठली. "काळी द्राक्षं, मास्तर! डोळे झाकून घ्या. माझ्या चुलत सासऱ्यांना स्वतःचं घर सापडत नव्हतं. रोज एक घड दिला. शेवटी शेवटी शेजाऱ्यांच्या तीन पिढ्यांची भांडणं सांगायला लागले. लोक म्हणाले, आता द्राक्षं बंद कर."

मास्तरांना हसू आलं, पण घड त्यांनी घेतला.

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी तुती, मिळाली तर. दुपारी डाळिंबाचे दाणे. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून काळी द्राक्षं. मधे कधी आलुबुखार, कधी अंजीर. ज्या दुकानात वडिलांच्या काळापासून पाण्याचा पेलासुद्धा कापडाच्या टेबलाजवळ आणायची बंदी होती, तिथे आता वाडगे फिरायला लागले. डाळिंबाचा डाग म्हणजे शिंप्याचा काळ. मास्तर ताईच्या गळ्याला अस्तराचा तुकडा बांधायचे, हात पुसायला ओलं फडकं द्यायचे, आणि तरी एकदा तिनं दुधी रंगाच्या अस्तरावर तुतीचा जांभळा अंगठा उठवलाच. दुसरं कुणी असतं तर मास्तरांनी दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्यांनी लिंबू पिळून तो डाग घासला. गेला नाही तेव्हा तो भाग आतल्या खिशाच्या मागे जाईल अशा बेतानं अस्तर बसवलं.

ताईला तुती आवडायची नाही. "आंबट आहे रे," ती तोंड वाकडं करायची.

"औषध आहे समज."

"मला काय झालंय?"

मास्तर म्हणायचे, "तुला नाही, मला झालंय. मी एकट्यानं खाल्लं तर बरं दिसत नाही." आणि तिच्याबरोबर स्वतःही खायचे. त्यामुळे मास्तरांच्या पोटानं जे काही दिवस काढले, ते सांगण्यासारखे नाहीत.

संध्याकाळी द्राक्षं संपली, की परीक्षा व्हायची. ताईला कळू नये अशा बेतानं मास्तर एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचा विषय काढायचे आणि हळूच माप विचारायचे. गंमत अशी, की ती मापं मास्तरांनाही ठाऊक नव्हती. आयुष्यभर त्यांनी आकडा उच्चारला होता आणि लगेच विसरला होता, कारण तो ठेवायला ताई होती. गिऱ्हाइकांतले कितीक वारले होते, कितीक गाव सोडून गेले होते. परीक्षकालाच उत्तर माहीत नाही आणि तपासून बघायला कुणी नाही, अशी ती परीक्षा. ताई आधी अडखळायची, एखादा आकडा सांगून परत फिरवायची, कधी नुसतीच रस्त्याकडे बघायची. मास्तर म्हणायचे, "असू दे, असू दे, मला काय, सहज विचारलं."

आणि एक दिवस ती अडखळली नाही.

गाव सोडून गेलेल्या एका जुन्या मुनीमजींचं मास्तरांनी विचारलं, तर ताईनं द्राक्ष तोंडात टाकता टाकता सगळी मापं सांगितली. छातीपासून मनगटापर्यंत, न थांबता, पूर्वीसारखी, सुरात. मास्तरांच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळवालीला ही बातमी सांगितली आणि तिनं ती पूर्ण बाजारात सांगितली. त्यानंतर मास्तरांनी परीक्षा घेणं बंद केलं. चांगला निकाल हाती आल्यावर पुन्हा पेपर द्यायची हौस कुणाला असते? खरं म्हणजे त्यांना भीती वाटत होती. पण तसं ते स्वतःशीसुद्धा म्हणाले नाहीत.

अशात बोटवाल्याचा फोन आला.

बोटवाला म्हणजे मालवाहू बोटीवरचा इंजिन बघणारा माणूस. वर्षानुवर्षं समुद्रावर असायचा आणि किनाऱ्याला लागला, की मास्तरांकडून एखादा कोट शिवून घ्यायचा. ताईला तो आक्का म्हणायचा. या वेळी मधे फार वर्षं गेली होती. "मास्तर, मी येतोय. मुलीच्या घरी कार्य आहे, एकच दिवस मिळेल. कोट तयार ठेवा. माप आहेच की आक्कांच्या डोक्यात."

"आहे की," मास्तर म्हणाले. हे म्हणताना त्यांना किती बरं वाटलं! टेपेचं, कापडाचं, फॅशनचं काहीही सांगावं लागलं नाही.

त्यांनी गडद निळं कापड टेबलावर पसरलं, खडू हातात घेतला आणि जुन्या रुबाबात आवाज दिला, "ताई, आपले बोटवाले?"

ताईनं सुई थांबवली नाही. तिनं आकडे सांगितले. छाती सांगितली, कंबर सांगितली, बाही सांगितली. मग जरा थांबून म्हणाली, "उजवा खांदा उतरता आहे. तिथे कापूस थोडा जास्त भर."

मास्तरांचा खडू क्षणभर अधांतरी राहिला. छाती जरा बारीक वाटली. बोटवाला त्यांना धिप्पाड आठवत होता. पण त्यांचं आठवणं ते काय! आणि आकडा एक वेळ चुकेल, माणूस अंदाजानं काहीही सांगेल. पण उतरता खांदा कुणी अंदाजानं सांगतं का? ते बघितलेलंच लागतं. ती बघितल्याशिवाय बोलणार नाही. मास्तरांनी स्वतःच्या डोळ्यांना गप्प बसवलं. ती मापं चुकीची आहेत असं मानायचं, तर मग द्राक्षंही गेली, डाळिंबंही गेली, आणि हातात काही उरत नव्हतं. त्यांनी कापड कापलं.

तो कोट त्यांनी जीव ओतून शिवला. उजव्या खांद्यात पातळ पातळ थर देऊन कापूस भरला, इस्त्रीची वाफ देऊन तो बसवला. काजं त्यांनी स्वतः केली. ताईच्या काजांसारखी नाही झाली, पण डावीकडे झाली. कोट हँगरला लावून ते लांब उभं राहून बघत राहिले. एवढा चांगला कोट कितीतरी दिवसांत त्यांच्या हातून झाला नव्हता.

बोटवाला दुपारी आला. त्याला दारातून आत येताना बघूनच मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस नव्हे, कपाट आत आलं. तरी त्यानं हौसेनं कोट हातात घेतला आणि बाहीत हात घातला. तो हात कोपराच्या पुढे कसाबसा गेला. दुसरा हात गेलाच नाही.

"मास्तर," बोटवाला आरशात बघून हसायला लागला, "हा कुणा कॉलेजातल्या पोराचा कोट मला दिलात!"

मास्तर हसले नाहीत. बोटवाल्यानं कोट अलगद काढला, आणि पडदा बाजूला सारून म्हणाला, "आक्का, कशा आहात?" ताईनं त्याच्याकडे बघून मान हलवली, जशी दुकानात आलेल्या कुणाकडेही बघून हलवतात. "या," ती म्हणाली, "मास्तर आहेत पुढे." बोटवाला परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. "कार्याला काय, जुना कोट आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "नवा सावकाश शिवा. मुलगी नेईल येऊन. आता माप घ्या."

तो आरशासमोर हात पसरून उभा राहिला. मास्तरांनी टेप लावली आणि सवयीनं मोठ्यानं आकडा सांगितला. पडद्यामागून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितला, जरा मोठ्यानं. आत ताई काही तरी गुणगुणत होती. टेप छातीभोवती तशीच धरून मास्तर उभे राहिले. आता पुढे काय करायचं असतं, हेच त्यांना सुचेना.

"हं," बोटवाला हळूच म्हणाला.

मास्तरांनी कंबरेचा आकडा सांगितला. "हं," बोटवाला म्हणाला. बाहीचा सांगितला. "हं." असं सगळं माप झालं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तो गेल्यावर मास्तरांनी कापायच्या टेबलावरच खडूनं आकडे लिहायला घेतले, तर त्यातले दोनच आठवत होते.

उन्हं उतरली. मास्तर द्राक्षांचा घड धुऊन वाडग्यात घालून पायरीवर ठेवून आले. इतक्या फळांचं काय करायचं आता, असं एकदा मनात आलं, पण वेळ झाली की हात आपोआप चालतात. ते ताईला बोलवायला वळले, तर ती पडद्याबाहेर आली होती आणि निळ्या कोटासमोर उभी होती. तिनं कोटाचा उजवा खांदा तळहातानं चाचपून बघितला, मग कॉलर, मग काजं. तिचा चेहरा असा उजळला होता, की मास्तर जागच्या जागी थांबले.

"झाला का?" ती म्हणाली. "छान झाला. आता तो येईल."

"कोण येईल, ताई?"

"आमचा धाकटा. मोठ्या दुकानात कामासाठी बोलावलंय त्याला. अंगावर धड कोट नको का? बाबांचा उसवून शिवायला घेतला होता." तिनं छाती सांगितली, कंबर सांगितली, बाही सांगितली. तेच आकडे, तोच सूर. मास्तरांनी याच आकड्यांवर कात्री चालवली होती. "काडीसारखा बारीक आहे," ती हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "उजवा खांदा उतरता आहे त्याचा. लहान होता तेव्हा माझ्या कडेवरून पडला, पायरीवर. हाड नीट जुळलंच नाही. मी कुणाला सांगितलं नाही. त्यालासुद्धा नाही. तुम्हीही सांगू नका हं."

मास्तरांचा हात आपल्या उजव्या खांद्याकडे गेला.

शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. टेप धरायला हात वर केला, की खांदा हलतो. आयुष्यभर ते दुसऱ्यांचे खांदे बघत आले. सदरा उजवीकडून घसरतो तो इस्त्री उचलून उचलून, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. ताईनं मात्र ते माप एकदा घेतलं होतं आणि सांभाळलं होतं. दातांचे डॉक्टर गेले, कारकून गेले, बोटवाला गेला, आजचा वार गेला. त्या सगळ्यांच्या मागे, खाली, तिच्या डोक्यात एकच माणूस उरला होता. कोणाचंही माप विचारा, ती त्याचंच सांगत होती.

मास्तरांना इतका आनंद झाला, की ते ओरडलेच. "ताई! ताई, मीच की तो! मी धाकट्या!"

ताईनं त्यांच्याकडे बघितलं. केसांकडे, चष्म्याकडे, पोटाकडे. गिऱ्हाईक बघावं तसं नीट, वरपासून खालपर्यंत.

"तुम्ही?" ती संकोचानं म्हणाली. "नाही हो. तुम्ही मास्तर ना?"

मास्तरांनी कोट हँगरवरून ओढला आणि घालायला घेतला. खांदे बसले. दोन्ही बसले, उजवा असा नेमका बसला, की जणू कुणी हात ठेवला. पण पुढे बटणं काजांपासून वीतभर लांब राहिली. ते पोट आत ओढून बटण लावायला लागले. "बघ, ताई, बघ ना, खांदा बघ."

"अहो, काढा, काढा!" ताई घाबरली. "उसवेल तो! दुसऱ्याचा कोट कशाला घालता? उद्या काय घालून जाईल तो?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या डोळ्यांत पाणी बघायची मास्तरांना सवय नव्हती. त्यांनी कोट काढला, शिवणी तपासून बघितल्या, आणि तिच्या हातात दिला. "काही झालं नाही," ते म्हणाले. "चुकलं माझं."

ताईनं कोट हँगरला नीट लावला, खांदा झटकला, आणि पायरीवर जाऊन बसली. रस्त्यावरून कामावरून परतणारी माणसं चालली होती. ती एकेका तरुण मुलाकडे निरखून बघायची आणि मग पुढच्याकडे वळायची. मास्तर दारात उभे होते. आत जावं असं त्यांना वाटलं, पण आत कुणी नव्हतं.

"उभे का? बसा ना," ताई त्यांना म्हणाली. परक्या माणसाशी बोलताना ती नेहमीच अशी अदबीनं बोलायची. "येईलच तो एवढ्यात. तुमची ओळख करून देते."

मास्तर तिच्या शेजारी बसले. मधे द्राक्षांचा वाडगा होता. दिवसभर पोटात काही गेलं नव्हतं. त्यांनी वाडग्याकडे हात नेला. ताईनं पटकन वाडगा आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावर पदर झाकला.

"ही नका घेऊ," ती म्हणाली, "राग मानू नका. धाकट्यासाठी ठेवलीत. त्याला फार आवडतात."

मास्तरांनी हात मागे घेतला आणि तेही रस्त्याकडे बघत बसले.